बेलफास्टच्या भिंतीमागे राहणाऱ्यांविषयी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात बेलफास्टच्या भित्तिचित्रांवर आलेला सचित्र प्रवासलेख मी दोनदा वाचला. लेखिकेने शहराविषयी आपुलकीने लिहिले आहे आणि छायाचित्रेही देखणी आहेत, याबद्दल दुमत नाही. मात्र लेखात त्या चित्रांना ‘लोककला’ म्हटले आहे, ती जिथे आहेत त्या रस्त्यांना ‘खुले कलादालन’ म्हटले आहे, आणि शहराला दुभंगणाऱ्या भिंतींचा उल्लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत भूतकाळात केला आहे. २००९ ते २०१६ अशी सात वर्षे मी त्या शहरात राहिले. घरी एकट्या राहणाऱ्या वृद्धांना उठवणे, अंघोळ घालणे, औषधे देणे, जेवण गरम करून भरवणे हे माझे काम होते. ज्या रस्त्यांची छायाचित्रे आपण छापली आहेत, त्याच रस्त्यांलगतच्या घरांत, दोन्ही समाजांच्या घरांत, त्या कामासाठी मला रोज जावे लागे. त्यामुळे त्या भिंती मी बाहेरून जितक्या पाहिल्या तितक्याच आतूनही पाहिल्या आहेत. लेखात जे राहून गेले ते वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र, लांबले असले तरी, छापावे अशी विनंती करते.

ज्यांनी बेलफास्ट पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनच्या राज्याचा भाग आहे. तो तसाच राहावा असे तिथल्या ज्या समाजाला वाटते तो बहुतांशी प्रोटेस्टंट आहे, आणि सगळे आयर्लंड एक व्हावे असे ज्याला वाटते तो बहुतांशी कॅथलिक आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पेटलेल्या आणि १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने बऱ्याच अंशी थांबलेल्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. पश्चिम बेलफास्टमध्ये शँकिल रोड प्रोटेस्टंटांचा आणि फॉल्स रोड कॅथलिकांचा. हे दोन्ही रस्ते जवळजवळ समांतर जातात आणि त्यांच्यामधले अंतर एरवी पायी दहा-पंधरा मिनिटांचे आहे. दोन्हीकडच्या गल्ल्यांत गिरणी आणि गोदी कामगारांसाठी बांधलेली, आपल्या बैठ्या चाळींसारखी एकाला एक चिकटलेली लाल विटांची घरे आहेत. त्यांपैकी काही जुनी, काही पाडून नव्याने बांधलेली. रांगेच्या टोकाच्या घराची बाजूची भिंत आंधळी असते, तिला खिडकी नसते. बेलफास्टची बहुतेक गाजलेली चित्रे याच आंधळ्या भिंतींवर आहेत. कलादालनाची भिंत कोणाच्या घराची नसते. या भिंतींच्या पलीकडे मात्र कोणाची तरी निजायची खोली असते.

शँकिलच्या बाजूला माझ्याकडे एक आजी होत्या. त्यांचे घर रांगेतले शेवटचे. बाहेरच्या भिंतीवर दोन मजले उंच, काळ्या कापडाने चेहरा झाकलेला, हातात रायफल धरलेला माणूस रंगवलेला होता, आणि आत, नेमक्या त्याच भिंतीला डोक्याकडची बाजू लावून आजींचा पलंग होता, कारण खोली इतकी लहान होती की पलंग दुसरीकडे बसत नव्हता. पलंगाच्या वर भिंतीवर त्यांच्या यजमानांचा गोदीतल्या सोबत्यांबरोबरचा जुना फोटो होता. त्याच्या चौकटीवरची धूळ पुसताना माझा हात भिंतीला लागे, आणि या विटेच्या पलीकडे, वीतभर अंतरावर, त्या माणसाचा गुडघा असेल की बूट असेल, असा विचार मनात येऊन मी हात मागे घेत असे. एकदा, बरीच ओळख झाल्यावर, चित्र काढताना तुम्हाला विचारले होते का, असे मी त्यांना विचारले. तिकडच्या रीतीप्रमाणे त्या मला ‘लव्ह’ म्हणत. त्या म्हणाल्या, “विचारले होते की, लव्ह. तिघेजण दारात येऊन उभे राहिले आणि अगदी अदबीने विचारले. तिघे दारात आल्यावर कोण नाही म्हणेल?” घर सरकारी गृहनिर्माण मंडळाचे होते, पण तक्रार करण्याचा विचार त्यांनी कधी केल्याचे मला दिसले नाही. रंग पुसायला आलेला कामगार संध्याकाळी आपल्या घरी गेला असता, आणि आजी मात्र त्या गल्लीतच राहिल्या असत्या.

उन्हाळ्यात काळ्या टॅक्सीतून पर्यटक येऊ लागले की सकाळी अकरा वाजताच त्या मला पुढच्या खोलीचा पडदा ओढून घ्यायला सांगत. एरवी त्यांना खिडकीशी बसून रस्ता बघायला फार आवडे. फोटोत चित्राबरोबर आपणही यावे आणि परदेशातल्या कोणाला तरी आपण त्या बुरखेवाल्याच्या कुणीतरी वाटावे, हे त्यांना सहन होत नव्हते. त्यांच्या घरातले कोणी कुठल्याही संघटनेत नव्हते. आपण छापलेल्या छायाचित्रांपैकी एकात कोपऱ्यात एक पडदा लावलेली खिडकी आहे. ती त्यांची नाही, पण तो पडदा पाहिला आणि हे पत्र लिहायला बसले.

ही चित्रे प्राचीन परंपरा आहे, असा समज लेखावरून होतो. ती तशी नाही. प्रोटेस्टंटांकडचे पहिले म्हणून ओळखले जाणारे भित्तिचित्र १९०८ सालचे, पूर्व बेलफास्टमधले, गोदीतल्या एका कामगाराने काढलेले. त्यात राजा तिसरा विल्यम पांढऱ्या घोड्यावर बसून बॉइन नदी ओलांडताना दाखवला होता. १६९० मध्ये या प्रोटेस्टंट राजाने कॅथलिक राजा दुसरा जेम्स याचा पराभव केला, आणि दरवर्षी १२ जुलैला त्या विजयाची मिरवणूक निघते. त्यानंतर अनेक दशके हे चित्र दर जुलैआधी नव्याने रंगवणे म्हणजे आपण घराला रंग काढतो तितकेच उघड आणि निर्धास्त काम होते, कारण सरकार त्याच समाजाचे होते. दुसऱ्या समाजाला ती मोकळीक नव्हती. १९५४ च्या एका कायद्याने ब्रिटिश ध्वजाला हात लावणे गुन्हा ठरवले आणि शांतता भंग होईल असे वाटल्यास इतर कोणताही ध्वज वा चिन्ह काढून टाकण्याचा अधिकार पोलिसांना दिला. १९६४ मध्ये निवडणुकीच्या काळात डिव्हिस स्ट्रीटवरच्या एका कचेरीच्या खिडकीत आयरिश तिरंगा लावलेला होता. प्रोटेस्टंट धर्मगुरू इयन पेझली यांनी तो काढला नाही तर मोर्चा नेण्याची धमकी दिली, पोलिसांनी जाऊन तो काढला, आणि पुढचे काही दिवस शहरात दंगल झाली. खिडकीतल्या कापडाच्या तुकड्यावरून ही वेळ आली, हे लक्षात घेतले म्हणजे पुढे तिथे प्रत्येक भिंतीला आणि दिव्याच्या खांबाला एवढे महत्त्व का आले ते कळते.

कॅथलिक वस्त्यांतल्या भिंती खऱ्या अर्थाने बोलू लागल्या त्या १९८१ मध्ये. राजकीय कैदी म्हणून मान्यता मिळावी यासाठी, सगळे आयर्लंड एक व्हावे म्हणून शस्त्र उचललेल्या कैद्यांचे मेझ तुरुंगात उपोषण सुरू होते. बॉबी सँड्स उपोषण चालू असतानाच एप्रिलमध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आले आणि ५ मे रोजी, ६६ व्या दिवशी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मरण पावले. त्यांच्यामागून आणखी नऊ जण गेले. त्या उन्हाळ्यात पोरासोरांनी मिळेल त्या रंगाने भिंती भरवल्या. फॉल्स रोडवर, आयर्लंड एक व्हावे म्हणणाऱ्या सिन फेन पक्षाच्या कचेरीच्या भिंतीवर सँड्स यांचा हसरा चेहरा आजही आहे आणि आपल्या पुरवणीतही तो आला आहे. त्या चेहऱ्यासमोर मान झुकवणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांचे दुःख खोटे आहे असे मी कधीही म्हणणार नाही.

पण फॉल्सच्याच बाजूच्या माझ्या एका आजोबांचे ऐका. त्यांच्या दारासमोरच्या भिंतीवर त्या गल्लीतल्या मारल्या गेलेल्या तरुणांचे चेहरे होते, आणि त्यांत एकजण हातात बंदूक घेऊन उभा होता. आजोबा त्याला लहानपणापासून ओळखत. शाळेत जायच्या आधी तो घरोघरी दूध टाकायचा. “मी त्याच्या हातात दुधाच्या बाटल्या पाहिल्या, बंदूक कधीच पाहिली नाही,” असे ते म्हणत. बंदूक त्याने कधी धरली असेलही. ते आजोबांना नाकारायचे नव्हते. त्यांची खंत एवढीच होती की ज्या मुलाला ते ओळखत होते तो दारासमोरच्या भिंतीने त्यांच्याकडून काढून घेतला, आणि गल्लीतल्या नव्या पिढीला फक्त हा दुसरा, बंदुकीचा मुलगा ठाऊक झाला.

माझ्या मते या चित्रांचे खरे काम इथे दिसते. ती मेलेल्यांना कामाला लावतात. याचे सर्वांत ठळक उदाहरण शँकिल आणि पूर्व बेलफास्टमध्ये आहे. १९१३ मध्ये आयरिश होमरूलला, म्हणजे आयर्लंडच्या स्वशासनाला, विरोध करण्यासाठी आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स ही संघटना उभी राहिली. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर तिचे हजारो सदस्य ब्रिटिश सैन्याच्या ३६ व्या अल्स्टर डिव्हिजनमध्ये गेले, आणि १ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत ती तुकडी अक्षरशः कापली गेली. पहिल्या दोन दिवसांत तिचे सुमारे साडेपाच हजार सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. बेलफास्टमध्ये क्वचितच अशी प्रोटेस्टंट गल्ली असेल जिथे तार आली नाही. आता, १९६६ मध्ये हेच नाव घेऊन एक वेगळी सशस्त्र टोळी निघाली, आणि तिने पुढे शेकडो माणसे मारली, ज्यांत बहुसंख्य निःशस्त्र कॅथलिक होते. भिंतीवर मात्र १९१६ चा खंदकातला सैनिक आणि १९७० च्या दशकातला बुरखेधारी एकाच चौकटीत, एकाच नावाखाली, युद्धातल्या मृतांच्या स्मरणाच्या, खसखशीच्या त्याच लाल फुलांमध्ये उभे केले जातात. ज्या नातवाला आजोबांच्या वडिलांविषयी आदर वाटतो त्याला तो आदर बुरखेधाऱ्यापासून वेगळा काढता येऊ नये, अशी ती रचना असते. लेखिकेने अशाच एका चित्राला ‘युद्धस्मारक’ म्हटले आहे. अर्ध्या चित्रापुरते ते बरोबर आहे.

इथे आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगते. ‘होमरूल’ हा शब्द आपण शाळेच्या इतिहासात टिळकांच्या नावाबरोबर शिकलो. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला लोकमान्यांच्या होमरूल लीगची स्थापना झाली, तो शब्द आयर्लंडच्या चळवळीतूनच आला होता, आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला. शँकिलवर एका भिंतीवर सभ्य पोशाखातली माणसे गंभीरपणे कागदावर सह्या करताना मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हे कोणते स्वातंत्र्याचे जाहीरनामे असतील असे मला वाटले होते. तो २८ सप्टेंबर १९१२ चा अल्स्टर करार होता. होमरूल आम्हाला नको, अशी ती प्रतिज्ञा होती आणि तिच्यावर किंवा स्त्रियांसाठीच्या जोडपत्रावर जवळजवळ पावणेपाच लाख लोकांनी सह्या केल्या होत्या. जो शब्द माझ्या कानाला जन्मापासून चांगला, तो इथल्या अर्ध्या शहरात धोक्याचा शब्द होता. त्या दिवसापासून तिथल्या कुठल्याही चिन्हाचा अर्थ एका दमात सांगण्याचे मी सोडून दिले.

चिन्हांची ही सरमिसळ किती खोल आहे पाहा. अल्स्टरचा लाल पंजा दोन्ही समाज आपला मानतात. प्राचीन आयरिश कथांतला वीर कूखुलिन डब्लिनच्या मुख्य टपाल कार्यालयात मरणोन्मुख अवस्थेत खांबाला टेकून उभा आहे, तो १९१६ च्या आयरिश क्रांतिकारकांचे प्रतीक म्हणून. आणि जवळपास त्याच शिल्पावरून उचललेला कूखुलिन पूर्व बेलफास्टमधल्या न्यूटाउनार्ड्स रोडवर रंगवला गेला, तो आयरिश आक्रमणापासून अल्स्टरचे रक्षण करणारा म्हणून. खुद्द आयरिश तिरंग्यात हिरवा कॅथलिकांचा, नारिंगी विल्यमच्या अनुयायांचा आणि मधला पांढरा दोघांतल्या सलोख्याचा. पण नारिंगी पट्टा ज्यांच्यासाठी, तेच लोक ११ जुलैच्या रात्री होळीवर तो तिरंगा जाळतात. आम्ही पहिल्या वर्षी १५ ऑगस्टला मुलीने शाळेत केलेला आपला कागदी तिरंगा खिडकीत लावला होता. आमचे घर सँडी रो या प्रोटेस्टंट वस्तीपासून जवळ होते. घरमालक संध्याकाळी मुद्दाम आले आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाले की हा तुमच्या देशाचा आहे हे मला माहीत आहे, पण लांबून येणाऱ्याला नारिंगी, पांढरा आणि हिरवा एवढेच दिसेल. मुलीने तो काढून आपल्या वहीत ठेवला. ती तेव्हा सात वर्षांची होती.

आता वस्त्यांना वेगळे करणाऱ्या, ‘शांतता भिंती’ म्हणवल्या जाणाऱ्या भिंतींविषयी, ज्यांचा उल्लेख लेखात भूतकाळात आहे. फॉल्सच्या बाजूला क्लोनार्ड भागात एका गल्लीचे नाव बॉम्बे स्ट्रीट आहे आणि शेजारच्या रस्त्याचे काश्मीर रोड. मुंबईत वाढलेल्या माणसाला ते नाव वाचून घरी आल्यासारखे वाटते, आणि मग कोपऱ्यावरची स्मृतिबाग दिसते. ऑगस्ट १९६९ मध्ये बॉम्बे स्ट्रीटमधली घरे जमावाने जाळली. पुढच्याच महिन्यात ब्रिटिश सैन्याने दोन वस्त्यांच्या मध्ये काटेरी तारांचे आणि पत्र्याचे कुंपण घातले आणि ते अगदी तात्पुरते असल्याचे सैन्याच्या सेनापतींनी सांगितले. त्या तात्पुरत्या कुंपणाच्या जागी आज काँक्रीट, त्यावर पत्रा आणि त्यावर जाळी अशी दुमजली घराहून उंच भिंत उभी आहे. बॉम्बे स्ट्रीटमधल्या घरांच्या मागच्या बाजूला पलीकडून भिरकावलेल्या वस्तूंपासून बचावासाठी जाळीचे पिंजरे आहेत. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने अशा सगळ्या भिंती २०२३ पर्यंत पाडण्याचे जाहीर केले होते. ती मुदत उलटून गेली आणि शहरातल्या बहुतेक भिंती जागच्या जागी आहेत. एखाददुसरी गेली, हेही सांगितले पाहिजे: क्रमलिन रोडवरची तीस वर्षांची भिंत २०१६ मध्ये, मी तिथे असतानाच, पाडली गेली, आणि समोरच्या घरातल्या बाईंना पुढच्या खोलीत पहिल्यांदाच पूर्ण ऊन आले असे तिकडे जाणाऱ्या माझ्या सहकारी सांगत होत्या.

या भिंतींना फाटके आहेत आणि ती रात्री बंद होतात. माझी संध्याकाळची शेवटची दोन घरे एकमेकांपासून फर्लांगभर अंतरावर, पण भिंतीच्या दोन बाजूंना होती. आजींना झोपवायला पाच मिनिटे जास्त लागली तर फाटक लागलेले असे आणि मग गाडी शहराच्या मध्यभागाकडून वळवून आजोबांकडे पोहोचायला अर्धा तास जाई, आणि ते औषधाविना, जेवणाविना घड्याळाकडे बघत बसलेले असत. आजी आणि आजोबा जवळपास एकाच वयाचे होते, एकाच गिरणीच्या भोंग्यावर दोघांचे बालपण गेले होते, दोघांनाही संधिवात होता. मी त्यांना एकमेकांबद्दल कधी सांगितले नाही. आमच्या कामात तशी परवानगी नसते. उत्तर बेलफास्टमधल्या अलेक्झांड्रा पार्कमध्ये तर १९९४ मध्ये, म्हणजे सशस्त्र संघटनांनी शस्त्रसंधी जाहीर केली त्या वर्षी, बागेच्या मधोमध भिंत घातली गेली, आणि तिच्यातून दिवसा उघडणारे फाटक २०११ मध्ये झाले. बाग एकच, पण सतरा वर्षे मुलांनी अर्धी-अर्धी वापरली. एप्रिल २०२१ मध्ये शँकिल आणि फॉल्सच्या मधल्या लॅनार्क वेच्या फाटकाशी दोन्हीकडची पोरे एकमेकांवर पेट्रोलबाँब फेकत होती आणि तिथे पेटलेली बस साऱ्या जगाने पाहिली. त्यातली बरीच मुले करारानंतर जन्मलेली होती. हिंसा त्यांनी पाहिली नव्हती; त्यांनी भिंती पाहिल्या होत्या.

ध्वजाचे प्रकरण मी स्वतः अनुभवले. ३ डिसेंबर २०१२ ला बेलफास्ट नगरपालिकेने २९ विरुद्ध २१ मतांनी ठरवले की सिटी हॉलवर १९०६ पासून रोज फडकणारा ब्रिटिश ध्वज यापुढे ठरावीक दिवशीच लावायचा. त्यानंतर काही महिने रस्ते अडवले गेले, बसगाड्या बंद पडल्या, आणि मी कामावरून कितीदा तरी पावसात पायी घरी आले. त्या दिवसांत आजी टीव्हीवर ते पाहून रडत. आधी मला त्याचे नवल वाटले, कारण बाहेरच्या बुरखेवाल्याविषयी त्यांना प्रेम नव्हते. नंतर लक्षात आले की ध्वज त्यांच्या लेखी त्या बुरखेवाल्याचा नव्हताच, तो यजमानांच्या शवपेटीवर घातलेला होता. अल्पसंख्य होत जाण्याची भीतीही त्यामागे होती. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक ४५.७ टक्के आणि प्रोटेस्टंट व इतर ख्रिस्ती पार्श्वभूमीचे ४३.५ टक्के निघाले, ते होणार हे सगळ्यांना आधीच दिसत होते. ज्या समाजाने एके काळी दुसऱ्याच्या खिडकीतला ध्वज पोलीस पाठवून काढला, त्याच समाजाची ही भीती आहे, हे खरे. तरी ती भीती आहे, आणि तिची टर उडवून एकही खांब मोकळा होणार नाही.

मग काय करावे, सगळे पांढऱ्या रंगाने पुसून टाकावे का? मी तसे म्हणत नाही. २००६ मध्ये तिथल्या कला परिषदेने ३३ लाख पौंडांची योजना काढली. बंदुकीची चित्रे बदलून त्या जागी वस्तीने मिळून ठरवलेले काही रंगवायचे, अशी ती होती. तिच्यात काही चांगले झाले आणि काही बेगडी. सँडी रोच्या तोंडाशी असलेला बुरखेधारी बंदूकवाला आणि ‘तुम्ही आता लॉयलिस्ट (ब्रिटनशी एकनिष्ठ) हद्दीत शिरत आहात’ अशा अर्थाचा इशारा २०१२ मध्ये गेला आणि त्या जागी राजा विल्यम आला. मी रोज त्या भिंतीवरून जात असे. काही मित्रमंडळींनी तेव्हा नाक मुरडले, की बंदूक जाऊन घोडा आला, हद्द तीच राहिली. मला मात्र फरक जाणवला. राजा विल्यमच्या समोरून जाताना माझी मुलगी माझा हात घट्ट धरत नसे. दुसरीकडे फुटबॉलपटूंची, लेखकांची चित्रे आली, तीही ठीक. पण जिथे फक्त वरून पैसे आले म्हणून रंग बदलला आणि गल्लीत कोणाला मोकळेपणाने विचारलेच गेले नाही, तिथे पाच-सहा वर्षांत बुरखे परत आलेले मी पाहिले आहेत. ध्वज, ओळख आणि परंपरा यांवर तोडगा सुचवण्यासाठी २०१६ मध्ये एक आयोगही नेमला गेला. त्याचा अहवाल २०२१ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे आठ लाख पौंड खर्च झाले, आणि ध्वज कोणी, कुठे, किती दिवस लावायचे या मूळ प्रश्नावर एकमत झालेच नाही.

जे चित्र मला स्वतःला सर्वांत खरे वाटले ते बेलफास्टमधले नाही, उत्तर आयर्लंडमधल्याच डेरी शहरातले आहे. बॉगसाइड वस्तीत, १९७१ मध्ये गोळी लागून मेलेल्या चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचे ते चित्र आहे. ती शाळेच्या गणवेशात उभी आहे, मागे पडझड झालेले घर आहे, एका बाजूला बंदूक आणि डोक्याजवळ एक फुलपाखरू आहे. चित्रकारांनी ते फुलपाखरू रंग न भरता ठेवले होते. शांतता टिकेल असा भरवसा वाटल्यावर, २००६ मध्ये, त्यांनी फुलपाखरात रंग भरला आणि बंदूक मधोमध मोडलेली दाखवली. ज्यांना भिंतीवर शोक करायचा आहे त्यांच्यासमोर तो कसा करावा याचा हा एक नमुना आहे. त्या मुलीच्या हातात कोणी काही दिलेले नाही. ती कोणाला बजावत नाही, आणि तिच्यासमोरून जाणाऱ्याला तू कोणत्या शाळेत गेलास असा प्रश्न मनात येत नाही. बेलफास्टमध्ये हाच प्रश्न माणसाचा धर्म शोधण्यासाठी विचारला जातो, कारण दोन्ही समाजांची मुले एकत्र शिकतील अशा खास मिश्र शाळांत आजही शंभरातली जेमतेम सात-आठ मुले जातात.

टॅक्सीतून होणाऱ्या सहलींवर मी टीका करणार नाही. चालवणारे अनेकजण त्याच वस्त्यांतले आहेत, त्यांचे पोट त्यावर आहे, आणि त्यांच्यापैकी काही तर फार प्रामाणिकपणे बोलतात. आपल्याकडून तिकडे शिकायला आणि नोकरीला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि आपली पुरवणी त्यांच्या घरी वाचली जाते. शँकिल आणि फॉल्सच्या मधल्या कपर वेच्या भिंतीवर मार्कर पेनने मराठीत लिहिलेली नावे मी वाचली आहेत. सही करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. तरीही ती भिंत ज्यांच्या अंगणाची मागची बाजू आहे त्यांना आपल्या सहीचे काय वाटत असेल, एवढे तरी जाणाऱ्यांना आधी माहीत असावे, आणि ते सांगण्याची जागा प्रवासलेख ही आहे.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, ‘शांतता भिंती’ आजही उभ्या आहेत आणि त्यांची बरीच फाटके रात्री बंद होतात, अशी दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी. दुसरी, अशा चित्रांची छायाचित्रे पुन्हा छापाल तेव्हा रंगांविषयी लिहिण्याआधी ते चित्र कोणत्या संघटनेचे, कोणत्या सालचे आणि कोणत्या रस्त्यावरचे आहे ते द्यावे, आणि ते राहत्या घराच्या भिंतीवर असेल तर तेही लिहावे.

मी परत यायच्या आधीच्या वसंतात आजींच्या भिंतीवरचा माणूस पुन्हा रंगवला गेला. परांची चार दिवस उभी होती, आणि नव्या रंगाचा उग्र वास निजायच्या खोलीत भरून राहिला होता. मी आणि माझ्या सहकारी बाईंनी मिळून, दाराची फळी काढून, पलंग पुढच्या खोलीत आणला आणि भिंतीपासून दूर, खिडकीशी लावला. त्या रात्री आजींनी पडदा उघडाच ठेवायला सांगितला.

आपली नम्र,
एक वाचक, ठाणे